जास्तीची वायर

लिंबाजी ओव्हाळला ‘जमेल का?’ असं म्हणताना मी कधी ऐकलं नाही. जमणारच असं धरून तो कामाला हात घालायचा, आणि नाही जमलं तर दोष कामाचा. लोहारा आणि माकणीच्या मधल्या आमच्या गावात त्याचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्न असो, जावळ असो, नाहीतर निवडणूक, बैलगाडीत मशीन, बॅटरी, रेकॉर्डची पेटी आणि चार कर्णे टाकून हा निघायचा. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खिशाला टेस्टर. नवरदेवापेक्षा याचाच तोरा जास्त.

मी दूध सोसायटीचा सेक्रेटरी. व्यंकट माझं नाव, पण गावात ते कुणाच्या ध्यानात नाही. गाण्यातलं मला काही कळत नाही, आणि त्याचं मला दुःखही नाही. लाऊडस्पीकर सुरू झाला की माझं डोकं उठतं. तरीही लिंबाजीबद्दल लिहायला बसलोय, कारण पंच्याऐंशी साली त्याने जे ऐकवलं ते माझ्यासारख्या ठोंब्यालाही ऐकू आलं.

त्याचा रेकॉर्ड प्लेअर सोलापूरचा होता. एकाहत्तर साली तिथल्या मिलमधला एक इंजिनियर गाव सोडून चालला होता, त्याच्या घरातून लिंबाजीने तो आणला. आणला तेव्हा त्यावर एक मोठी तबकडी तशीच राहून गेली होती. इंग्रजी. तिचं कव्हर हरवलेलं आणि मधल्या कागदावरची अक्षरं पुसलेली. कोण गातंय, काय गातंय, काही पत्ता नाही. ढोल बडवला जातोय आणि एक माणूस जिवाच्या आकांताने ओरडतोय, एवढंच मला कळलं. लिंबाजी मात्र त्या तबकडीवर जीव टाकून बसला. ‘ह्यो माणूस कुणाला तरी हाक मारायलाय, सेक्रेटरी,’ तो म्हणायचा. ‘भाषा कशाला पायजे? हाक कळती की.’

त्या प्लेअरमधून दोन वायरी बाहेर आल्या होत्या. लिंबाजीच्या मशीनला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीला, वायर घालायला भोक एकच. त्याने एक वायर त्यात घातली, दुसरीला काळी टेप गुंडाळली आणि ती प्लेअरच्या बुडाखाली दुमडून ठेवली. ‘कंपनीनं एक जास्तीची दिलीय,’ असं तो सगळ्यांना कौतुकाने सांगायचा. ‘एक तुटली तर दुसरी हाय. असा असतोय इंग्रजी माल!’ कुणालाच यात नवल वाटलं नाही. आमच्याकडे मोटेला एक चऱ्हाट जादा आणि कंदिलाला एक काच जादा असायचीच. दर साली तो त्या वायरीवर नवी टेप गुंडाळायचा.

बहात्तरच्या दुष्काळात लग्नं थांबली आणि लिंबाजीचा धंदा बसला. त्याची बायको धुरपदाबाई माकणीकडच्या रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागली. हा दोन दिवस घरात बसला, आणि तिसऱ्या दिवशी सगळा सेट घेऊन कामावर हजर झाला. मुकादमाला म्हणाला, ‘हजेरी घेताना तुमी घसा फाडायलाव. मला मजुरात लावा, म्या पुकारतो.’ मुकादमाचा घसा खरोखरच बसला होता. त्याने लगेच लावलं.

त्या रेकॉर्डच्या तिसऱ्या गाण्यात एक जागा होती. ओरडणारा माणूस थांबायचा, आणि दोनेक मिनिटं नुसता ढोल चालू राहायचा. ‘ही जागा त्येंनी आपल्यासाठीच मोकळी सोडलीय,’ असं लिंबाजीचं ठाम मत. ढोल सुरू झाला की तो माइक तोंडाशी धरायचा आणि एका टोळीची नावं त्या तालावर पुकारायचा. बनाबाई कोंडिबा! केशरबाई आबाराव! धुरपदाबाई लिंबाजी! समोरून हजर, हजर असं येत जायचं. टोळी संपली की सुई मागे, पुन्हा तेच गाणं आणि पुढची टोळी. अशा सात टोळ्या. मी तेव्हा तिथे हजेरीचं मस्टर लिहायला होतो, त्यामुळे ते गाणं मी रोज सात वेळा ऐकलंय आणि सातही वेळा मनातल्या मनात शिव्या घातल्यात.

पण खोटं कशाला बोलू? हाताला चिंध्या बांधून, रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी खाऊन आलेल्या त्या बाया आपलं नाव ऐकायला ताठ उभ्या राहायच्या. त्यांचं नाव एवढ्या मोठ्याने त्याआधी कुणी घेतलंच नव्हतं.

दुष्काळ सरला, लग्नं पुन्हा सुरू झाली. लग्नात असली रेकॉर्ड कोण लावू देणार? पण मांडवात कर्णे बांधून झाले की पहिलं टेस्टिंग तिचंच व्हायचं. गावात तिचं नावच पडलं, हजेरीची रेकॉर्ड.

पंच्याऐंशी साली पावसाने पुन्हा तोंड फिरवलं. लग्नं पुढे ढकलली गेली. त्यात कॅसेटी निघाल्या, आणि ज्याच्या घरात टेप तो स्वतःच गाणी लावू लागला. धुरपदाबाईने नवऱ्यामागे लकडा लावला, की आता नोकरी बघा. आमच्या सोसायटीचं शीतकरण केंद्र, म्हणजे चार गावचं दूध थंड करून ठेवायची जागा, तेव्हा नुकतंच बांधून झालं होतं आणि तिथे एक शिपाई घ्यायचा होता. चेअरमन आण्णासाहेबांच्या दारात धुरपदाबाई तीनदा जाऊन आली. शेवटी आण्णासाहेब म्हणाले, ‘लिंबाजीला घेतो. पण त्यो सेट आधी इकून टाकायचा. कामावर यायचं आन् मधीच लग्नाला पळायचं, असलं चालायचं न्हाय.’

शिपायाचं काम खरं तर सकाळी खिडकीवर दूध घ्यायचं आणि कॅन धुवायचं. पण लिंबाजीचं नाव निघालं तशी कमिटीत कुजबुज झाली. ठरलं असं, की त्याने फक्त गेटवर बसावं, दूध दुसरं कुणीतरी घेईल. लिंबाजी बौद्ध. त्याच्या मशीनचा आवाज गावाला चालत होता, हात चालत नव्हता. तो ठराव मी लिहिला. लिहिताना मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हेही इथेच सांगून टाकतो.

केंद्राच्या उद्घाटनाला उस्मानाबादहून मोठे साहेब येणार होते. आण्णासाहेबांनी त्यासाठी उमरग्याचा एक स्टिरिओवाला बोलावला. तो जागा बघायला आला त्या दिवशी लिंबाजी ऑफिसात होता, आणि कामावर कधीपासून यायचं ते विचारायला आलेली धुरपदाबाई दारापाशी उभी होती. स्पीकरचे दोन डबे कुठे लावायचे ते स्टिरिओवाला सांगत होता.

‘दोन डबे कशाला लावतोस?’ लिंबाजीने त्या पोऱ्याला विचारलं.

‘स्टिरिओ हाय मामा. प्लेअरमधनंच दोन वायरी येत्यात. अर्धं गाणं ह्या डब्यात, अर्धं त्या डब्यात.’

दोन वायरी येतात हे लिंबाजीने त्याच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग तो आण्णासाहेबांकडे वळला.

‘आण्णासाहेब, ह्यो दोन बाजूंनी ऐकवतो, म्या चार बाजूंनी ऐकवतो. न्हाय जमलं तर सेट इकतो आन् सोमवारपास्नं तुमच्या गेटवर बसतो.’

‘आन् जमलं तर?’

‘जमलं तर सोसायटीचा परतेक कार्यक्रम माझा. आन् सेट माझ्या घरात.’

आण्णासाहेबांना पैजेचा नाद होताच. ‘ठरलं,’ ते म्हणाले, आणि उमरगेवाल्याला चहा पाजून परत धाडलं. दारातून धुरपदाबाई निघून गेली. मला लिंबाजीचा मनापासून राग आला. एवढ्या खेपा घालून बायकोने आणलेली नोकरी या माणसाने तिच्या डोळ्यांदेखत पणाला लावली होती, तीसुद्धा चार कर्ण्यांसाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला घरी बोलावलं. लोहाऱ्यात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गुरुसिद्धप्पाकडून तो आणखी एक मशीन मागून घेऊन आला होता. अंगणात दोन कर्णे समोरासमोर ठेवलेले, मधे बाज. ‘बसा,’ म्हणाला. मग त्याने प्लेअर उपडा केला आणि त्या जास्तीच्या वायरीवरची टेप सोडवायला लागला. चौदा वर्षांची टेप, थरावर थर. ती निघता निघेना. निघाली तेव्हा आतली वायर नवीकोरी होती. ती त्याने दुसऱ्या मशीनला जोडली आणि सुई ठेवली.

डाव्या कर्ण्यातून तोच ढोल आणि तोच ओरडणारा माणूस. उजव्यातून मात्र कधीच न ऐकलेल्या गिटारी निघाल्या, एकीच्या पाठोपाठ दुसरी. लिंबाजी बाजेवर माझ्या शेजारी टेकला. तिसरं गाणं आलं. माणूस ओरडायचा थांबला. नुसता ढोल उरला आणि सवयीने माझ्या मनात नावं सुरू झाली, बनाबाई कोंडिबा, केशरबाई आबाराव.

तेवढ्यात उजव्या बाजूने एक बाई गायला लागली.

आवाज खालच्या पट्टीतला, अजिबात घाई नसलेला. तो माणूस इतका वेळ जिला हाका मारत होता तीच ही, आणि ती त्याला उत्तर देत होती, हे मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. धुरपदाबाई चुलीपुढून उठून बाहेर आली. हाताला पीठ तसंच.

‘ही कोण बाई?’ तिने विचारलं.

‘हितंच हुती,’ लिंबाजी म्हणाला.

‘मंग आमाला कधी ऐकू आली न्हाय ती?’

‘म्या तिची वायर दुमडून ठिवली हुती.’ एवढं बोलून त्याला रडूच फुटलं. ‘इतकी साल ही बाई गातीय, धुरपदा, आन् म्या तिच्या तोंडावर हजेरी पुकारायलोय.’

धुरपदाबाई गाणं संपेपर्यंत तिथेच उभी राहिली. मग आत जाऊन तिने तव्यावर जळलेली भाकरी काढली.

उद्घाटनाच्या दिवशी लिंबाजीने मांडवाच्या चार कोपऱ्यांना चार खांब रोवले आणि चारी कर्णे आत तोंड करून बांधले. इथेच भांडण पेटलं. आमच्या भागात कर्ण्याचं तोंड बाहेर, चार दिशांना चार, हीच रीत. ज्याचा आवाज जास्त गावांना ऐकू गेला त्याचं लग्न मोठं. मांडवात बसलेल्यांच्या वाट्याला नुसता गोंगाट, आणि गाणं ऐकायचं ते तीन मैलांवर कडबा बांधणाऱ्या माणसाने. आण्णासाहेबांचा सगळा जीव, आपलं भाषण पलीकडच्या गावातल्या त्यांच्या विरोधकांच्या कानी पडावं, यात होता.

‘अरे, भाईर आवाज जानार कसा?’ ते कडाडले.

‘ज्येला बलावलं न्हाय त्येला कशाला ऐकवायचं?’ लिंबाजी खांबावरूनच म्हणाला. ‘ज्येंनी दूध घातलं ते समदे आत बसल्यात.’

पाहुणे स्टेजवर चढले. लिंबाजीने माइक सुरू केला, आणि चारी बाजूंनी अशी शिट्टी फुटली की साहेबांनी कानांवर हात ठेवले. कर्णे आत, माइकही आत, दुसरं काय होणार? आण्णासाहेबांनी मिशीला हात लावून माझ्याकडे पाहिलं. सेट गेला, असं मला वाटलं, आणि वाईटही वाटलं. लिंबाजीच्या कपाळावर मात्र आठी नाही. त्याने माइक स्टेजच्या मागच्या अंगाला सरकवला, दोन्ही मशिनींची बटणं पार खाली आणली आणि आण्णासाहेबांजवळ जाऊन सांगितलं, ‘आता हळू बोला. घरात बोलतासा तसं.’

आण्णासाहेब आयुष्यात पहिल्यांदा जाहीर सभेत हळू बोलले. शब्दन् शब्द शेवटच्या रांगेला ऐकू गेला. आपल्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नाही हे त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण भाषण दहा मिनिटांत संपलं. लोक खूश झाले.

मग लिंबाजीने हजेरीची रेकॉर्ड लावली. माझ्या गावातली चारशे माणसं मान वळवून आवाज कुठून येतोय ते शोधत होती. एका अंगाच्या दोन कर्ण्यांतून ढोल आणि तो माणूस, दुसऱ्या अंगाच्या दोन्हींतून गिटारी, आणि आम्ही सगळे मधोमध. कुणी हसलं नाही. कुणी बंद करा म्हणालं नाही. एवढी वर्षं मी ज्या गाण्याला शिव्या घालत होतो ते माझ्या अंगावरून, पाठीमागून, पायाखालून चाललं होतं आणि मला ते संपू नये असं वाटत होतं.

तिसऱ्या गाण्यात नुसता ढोल उरला तशी बायकांच्या बाजूला बनाबाई उठून उभी राहिली. साठीची बाई, पण पाठ ताठ. मग केशरबाई उठली. बघता बघता दुष्काळात खडी फोडलेल्या सगळ्या बाया उभ्या राहिल्या. पंधरा, वीस, जास्तच. आपलं नाव येईल म्हणून त्या समोर बघत होत्या. नाव आलं नाही. दुसऱ्या अंगाने ती बाई गायला लागली. बनाबाईने हळूच तिकडे तोंड फिरवलं, आणि तो आवाज थांबेपर्यंत एकही जण खाली बसली नाही.

‘या का उभ्या राहिल्या?’ साहेबांनी मला विचारलं.

‘हजेरी आहे साहेब,’ मी म्हणालो.

आण्णासाहेब स्वतः माइकपाशी आले. माणूस अडेल, पण शब्दाचा. ‘लिंबाजी, जित्लास,’ ते म्हणाले. ‘सेट तुझा, कार्यक्रम बी तुझा.’ टाळ्या झाल्या. लिंबाजीने शर्टाची कॉलर नीट केली. जिंकणारच होतो, असाच त्याचा चेहरा.

टाळ्या थांबायच्या आत त्या उभ्या बायकांतून धुरपदाबाई पुढे आली. स्टेजच्या पायऱ्या चढली आणि तिने माइक हातात घेतला. लिंबाजी तो काढून घ्यायला पुढे झाला, इतकी वर्षं त्या माइकला त्याच्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तो मागे सरला आणि बटणांपाशी जाऊन बसला.

‘आण्णासाहेब,’ ती म्हणाली, आणि तिचा आवाज चारी बाजूंनी आला. ती क्षणभर दचकली, मग सावरली. ‘ह्येंनी पैज जित्ली, बरं झालं. धंदा न्हाय, लगीन न्हाय, तवा ह्या घराची चूल म्याच पेटीवली. शिपायाची जागा रिकामी हाय. ती मला द्या. गेटवरची न्हाय. आत, दूध घ्यायची.’

पुढच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. आण्णासाहेबांनी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खाली बघितलं.

‘बघू,’ ते पुटपुटले. पण धुरपदाबाईने माइक त्यांच्या तोंडाशी धरला होता, त्यामुळे ते पुटपुटणं चारशे माणसांनी चार बाजूंनी ऐकलं.

‘बघू न्हाय, आण्णासाहेब. व्हय म्हना न्हायतर न्हाय म्हना.’ माइक तिथेच.

उभ्या असलेल्या बाया अजून उभ्याच होत्या. आण्णासाहेबांनी उपरण्याने तोंड पुसलं.

‘व्हय,’ ते म्हणाले.

सोमवारी सकाळी सहा वाजता धुरपदाबाई केंद्राच्या खिडकीत होती. कॅन घासून उपडे घातलेले, मापं ओळीने मांडलेली, पदर कमरेला खोचलेला. बाहेर तीसेक माणसं चरव्या, किटल्या घेऊन आली होती आणि जो तो दुसऱ्याला ‘तू हो पुढं’ म्हणत होता. कुणी विडी पेटवली, कुणाला एकदम उन्हाळ्याच्या गप्पा सुचल्या. रांगेत पहिला यायचं मी काही ठरवून आलो नव्हतो. बाकीचे मागे मागे सरकत राहिले आणि माझ्या घरच्या दुधाची चरवी घेऊन मी खिडकीसमोर एकटा उरलो.

तिने माप पुढे केलं. माझा हात थांबला. किती वेळ ते आता सांगता येत नाही, पण थांबला. तिलाही ते दिसलं, आणि गेटवरचा ठराव कुणी लिहिला हेही तिला ठाऊक होतं.

‘ओता की, सेक्रेटरी,’ धुरपदाबाई म्हणाली. ‘मागं लोकं उभी हायती.’

मी ओतलं.